ताईने दिलेली ऑर्डर

मी बोलून पोट भरतो. छताचे पंखे विकतो. दुकानात गिऱ्हाईक नुसतं सावलीला शिरलं तरी पंखा घेऊन बाहेर पडतं, हे माझा शेठही कबूल करतो. घरी मला पोपट म्हणतात, आणि त्यात कौतुक किती अन् वैताग किती, ते मी कधी विचारत बसलो नाही.

माझी ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती बोलताना अडते. तिचा शब्द तुटत नाही, तोतरा होत नाही. तो नुसता अडतो. ओठ तयार, मान जराशी पुढे, डोळे समोरच्यावर, आणि आवाज नाही. समोरच्याला वाटतं बाई विसरली. बाई काहीही विसरलेली नसते. सगळ्यात जास्त त्रास ‘क’चा, त्याच्या खालोखाल ‘त’चा.

आमच्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसायच्या, त्यामुळे हजेरीला मी तिथेच असायचो. ताईचं नाव पुकारलं की मी ओरडायचो, “हजर!” बाईंनी पहिल्यांदा दटावलं, मग त्यांनाही सवय झाली. दुकानात ताईला काय हवंय ते मी सांगायचो, पाहुण्यांना ती कितवीत आहे ते मी सांगायचो, डॉक्टरांना तिचं कुठे दुखतंय तेही मीच सांगायचो. हॉटेलात गेलो की मी माझं मागवायचो आणि पुढे जोडायचो, “हिलाही तेच.” अशी पन्नास वर्षं गेली. आपण ताईसाठी किती करतो, या विचाराने मी स्वतःवरच खूश असायचो. माझ्यासारखा भाऊ शोधून सापडणार नाही, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि ताई शेजारी बसून ऐकायची.

सतराव्या वर्षी ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. दवाखान्यातल्या नर्सचे कोट, शाळेच्या मुलांचे शर्ट, गॅरेजवाल्यांचे डगले, सगळं तिथे शिवतात. ताई कटिंगला. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे, वर नमुन्याचा कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र त्यात घालून एका दमात साठ बाह्या कापायच्या. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. यंत्रांचा आवाज असा की तिथे कुणीच कुणाशी बोलत नाही, सगळे हातवारे करतात. मूठ म्हणजे थर वाढवा, दोन बोटं म्हणजे खडू द्या, उघडा पंजा म्हणजे थांब, पातं चालू आहे. त्या खोलीत ताई कुणाहून कमी नव्हती. उलट, तिच्या हाताखालून गेलेला साठावा थरही पहिल्यासारखाच निघतो, असं तिथे बोललं जायचं. म्हणजे यंत्रं बंद झाल्यावर.

फक्त एक गंमत होती. ‘कापड’ या शब्दाला ती ‘माल’ म्हणायची. कात्रीला ‘हत्यार’. कॉलरला ‘गळ्याची पट्टी’. आम्हाला वाटायचं ताईची बोलण्याची पद्धतच तशी. ती आयुष्यभर ‘क’ला वळसा घालून चालत होती, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

कटिंग खात्याच्या प्रमुखाला तिथे मास्तर म्हणतात. मास्तरचं खरं काम सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं असतं. तीस माणसं टेबलांभोवती उभी राहतात आणि मास्तर मोठ्याने सांगतो, आज कुठलं कापड, किती थर, कॉलर कुठल्या नमुन्याची, कफ किती रुंद, काजाला किती जागा सोडायची. त्यात चूक झाली तर दिवसभराचा माल वाया. म्हणून कागद वाटून चालत नाही, सगळ्यांनी कानांनी ऐकायचं आणि शंका असेल तर तिथेच विचारायची, अशी त्या कारखान्याची पहिल्यापासूनची शिस्त.

ही जागा ताईला दोनदा देऊ केली होती. पहिल्यांदा, अकरा वर्षांपूर्वी, मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. मालकांनी विचारलं, “ताई सांभाळतील का?” मी म्हणालो, “नको साहेब, तिला बोलायचा त्रास आहे. उगाच ताण कशाला?” दुसऱ्यांदा चार वर्षांपूर्वी मी परस्पर फोनवरच सांगून टाकलं, की तिचे डोळे अलीकडे दुखतात. डोळे ठणठणीत होते. ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावायलाही बोलावं लागतं, असा विनोद मी तेव्हा बायकोजवळ केला होता. बायको हसली नव्हती.

यंदा मास्तर निवृत्त झाले आणि मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं. सोमवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर बाहेरचा माणूस घेतो, असं म्हणाले. ताईला अजून चार वर्षं नोकरी. चौथ्यांदा कुणी विचारणार नव्हतं.

गुरुवारी रात्रीची भांडी आवरताना ताई मला म्हणाली, “शनिवारी माझ्याबरोबर जेवायला चल. सुशी.”

“सुशी? तो कच्चा मासा? ताई, आपल्याकडे गॅस आहे!”

ती हसली. मग तिने जे सांगितलं ते सांगायला तिला बराच वेळ लागला, आणि मधे मी दोनदा वाक्य पुरं करायला गेलो, दोन्ही वेळा चुकीचं. कारखान्याच्या मागच्या गल्लीत सुशीचं एक हॉटेल उघडलंय. तिथे काउंटरवर बसायचं, समोर माणूस उभा असतो, त्याला एकेक नाव सांगायचं, तो एकेक करून देतो. तिला तिथे चार नावं स्वतःच्या तोंडाने सांगायची होती. बोट दाखवायचं नाही, ‘ते’ म्हणायचं नाही. चार नावं सांगून झाली तर सोमवारी मास्तरकीला होकार. नाही झाली तर नकार, आणि तो नकारही तिचा तीच देणार.

“अगं, पण मग नेहमीच्या हॉटेलात का नाही?”

“तिथलं सगळं तुला येतं,” ती ‘त’वर अडत म्हणाली. “इथली नावं तुला येत नाहीत. तू पुरी करू शकणार नाहीस.”

मला हे लागलं. दोन दिवस लागलं. आणि मी काय केलं ते सांगायला हवं, कारण लपवून उपयोग नाही. तिच्या खोलीत नमुन्याच्या खाकी कागदाचा एक तुकडा पडला होता, त्यावर खडूने नावं लिहिली होती. उनागी. एबी. मागुरो. तामागो. त्यांच्या खाली पाचवं होतं, कप्पा माकी, आणि त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. कटिंगच्या टेबलावर अशा दोन रेघा म्हणजे इथे पातं घालायचं नाही. मी सगळी नावं पाठ केली. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हात आपोआप खिशात जातो तशी माझी जीभ ताईच्या वाक्यात जाते. बाथरूममध्ये नळ सोडून ताई ती नावं म्हणत होती आणि मी बाहेर उभा राहून ओठ हलवत होतो.

निघताना बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “अहो, आजच्या दिवस तोंडाला कुलूप लावा. पाया पडते.”

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. दुपारी दीडला आम्ही काउंटरच्या उंच खुर्च्यांवर बसलो. जागा चिंचोळी, जेमतेम दहा खुर्च्या. समोर काचेच्या पेटीत माशांचे तुकडे ओळीने मांडलेले, गुलाबी, लाल, पांढरे, कुठेही वास नाही. त्यामागे सुशीवाला. पन्नाशीचा, बारीक केस, बाह्या कोपरापर्यंत. आमच्यापुढे गरम ओले रुमाल आले. मी माझ्या रुमालाने मान पुसली. ताईने शेजारी पाहून हात पुसले आणि मग दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसली. बोट दाखवायचं नाही ना.

ती सुशीवाल्याचे हात बघत होती. लांब, अरुंद सुरी. त्याने ती माशाला लावली आणि एकदाच स्वतःकडे ओढली. तुकडा आपणहून आडवा झाला.

“घासत नाही,” ताई माझ्या कानाशी म्हणाली. म्हणजे सुरी करवतीसारखी मागे-पुढे करत नाही. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

“बोला, काय देऊ?” सुशीवाल्याने विचारलं.

आणि मी म्हणालो, “सॅल्मन द्या. हिलाही तेच.”

शपथेवर सांगतो, मी ठरवून नाही बोललो. शिंक येते तसं आलं. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू गेलं. सुशीवाल्याने हात ओले करून भाताचे दोन मुटके वळले, वर मासा बसवला आणि आमच्यापुढे एकेक जोडी ठेवली. ताईने आपली थाळी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली.

“हे तुझं,” ती म्हणाली. अजिबात न अडता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भरात मी भाताची बाजू सोया सॉसमध्ये बुडवली. मुटका फुटला, भात वाटीत तरंगायला लागला आणि तो मी काड्यांनी टिपत बसलो. सुशीवाल्याने एकदा वाटीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. सभ्य माणूस होता.

मग ताई त्याच्याकडे वळली. मान जराशी पुढे. मी काड्या खाली ठेवल्या.

पहिलं नाव, उनागी, सरळ आलं. स्वरापासून सुरू होणारे शब्द तिला सोपे जातात. भाजलेला, चकचकीत सॉस लावलेला मासा आला, तिने हातानेच उचलला, पालथा करून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि हात पुन्हा मांडीखाली घातला. दुसरं, एबी, म्हणजे कोळंबी, त्याहून सोपं. मागुरो म्हणजे तो लाल मासा, त्याच्या ‘म’ला थोडं थांबावं लागलं. चौथं तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी, आणि इथे ‘त’ आडवा आला.

मी तिची ती अवस्था हजारदा पाहिली आहे. पण पाहिली म्हणजे काय, दोन सेकंदच. तिसऱ्या सेकंदाला मी शब्द भरून मोकळा होत असे. ती अवस्था पुढे किती चालते आणि तिच्या शेवटी काय असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आज बघितलं. ती ढकलत नाही. ओठ सैल सोडते, श्वास खाली जाऊ देते आणि पुन्हा लावते. टेबलावर वळण आलं की ती यंत्र असंच चालवते म्हणे, आधी हात हलका, मग पातं. आणि शब्द आला. “तामागो.” सुशीवाल्याने वडी कापली.

चार झाली! मी इतका मोठा श्वास सोडला की पलीकडचा टायवाला माझ्याकडे बघायला लागला. त्याच्यापुढे फोन होता, जेवणाची सुट्टी संपत आली होती, आणि मघापासून तो उसासे टाकत होता. मला वाटलं आता बिल मागवावं. मास्तरकी मिळाली, सुटलो.

“एक अजून,” ताई म्हणाली.

 त्या कागदावर एकच नाव उरलं होतं, आणि त्यावर रेघा मारल्या होत्या, कारण ते नळाच्या आवाजातही तिला एकदासुद्धा जमलं नव्हतं. मी बाहेर उभा होतो, मला माहीत होतं. पण मग मला दुसरंही कळलं. सोमवारी तीस माणसांसमोर काय म्हणायचंय? कापड. कॉलर. कफ. काज. कंबर. तिथे ‘माल’ म्हणून चालणार नाही, कारण माल म्हणजे साठ गोष्टी. चार नावांचा सौदा फार सोपा होता, तो तिचा तिलाच पटला नसावा.

तिची मान पुढे झाली. ओठ उघडे. आवाज नाही.

सुशीवाल्याने हात पाण्यात बुडवले आणि तसेच धरून उभा राहिला. “सावकाश बोला” असं तो म्हणाला नाही. त्या दोन शब्दांनी ताईला जितकं झोंबतं तितकं कशानेच झोंबत नाही, पण ते त्याला कुणी सांगितलं असणार? तो नुसता थांबला. पाणी त्याच्या बोटांवरून ठिबकत होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. कप्पा माकी, म्हणजे काकडीचा रोल, पाठ केलेला, घोटलेला, ओठांच्या आत दातांना लागलेला. माझी जीभ मी दातांखाली धरली, खरोखर धरली, रात्री आरशात पाहिलं तर वण होता. आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसलो नव्हतो. आणि त्या गप्प बसण्यात मला एकदम समजलं की आजवर मी तिच्यासाठी बोलत नव्हतो. ती थांबलेली मला बघवत नव्हती, म्हणून बोलत होतो. माझ्यासाठी.

“काकडीचा रोल हवाय का त्यांना?” टायवाल्याने मेनूकार्ड बघत अंदाजाने सुशीवाल्याला विचारलं. बिचाऱ्याला मदतच करायची होती.

ताईचा उजवा हात मांडीखालून निघाला. तिने त्याच्याकडे न बघता पंजा उघडा धरला. थांब, पातं चालू आहे. त्या माणसाने आयुष्यात कटिंगची खोली पाहिली नसेल, तरी तो थांबला. फोनसुद्धा त्याने पालथा ठेवला.

“कप्पा,” ताई म्हणाली. आणि लगेच, “माकी.”

“वसाबी आत लावू?” सुशीवाल्याने हिरव्या तिखट चटणीची वाटी जवळ ओढत विचारलं. जसं कुणालाही विचारेल तसं.

“लावा.”

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. खुर्चीवर उभं राहून तिथल्या सगळ्यांना सांगायचं होतं, की ही माझी ताई आहे, सख्खी, मोठी बहीण. माझा ऊर असा भरून आला होता की शर्टाचं वरचं बटण काढावं लागलं. पण सांगितलं काहीच नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते तिने सांगून झालं होतं. तिने काकडीचे सहाच्या सहा तुकडे एकटीने खाल्ले. मला एक विचारला नाही.

बाहेर पडल्यावर गल्लीच्या टोकाला मी विचारलं, “आवडलं?”

“आवडलं,” ती म्हणाली. चार पावलं गेल्यावर थांबली. “आणि ऐक, पोपटा. संत्र्याचं सरबत मला कधीच आवडलं नाही.”

पन्नास वर्षं! प्रत्येक लग्नात, प्रत्येक प्रवासात, प्रत्येक उन्हाळ्यात मी तिच्या हातात संत्र्याचं सरबत दिलं होतं. ताईला संत्रं फार प्रिय, असं मी तिच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवलं होतं. मी रस्त्यात उभा राहून हसत सुटलो आणि डोळे पुसायला लागलो. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. ताई हसत हसत पुढे चालत राहिली.

रविवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. कारखान्यात ताईच्या नावाच्या कागदावर नंबर माझा आहे, ती लागली तेव्हापासून. आधी माझ्या दुकानाचा होता, मग माझ्या मोबाइलचा. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल येऊन किती वर्षं झाली, पण तो नंबर तिथे कुणी मागितला नाही, मी कुणाला दिला नाही.

“नमस्कार,” मालक म्हणाले. “काय ठरलं मग ताईंचं? उद्यासाठी त्या दुसऱ्या माणसाला कळवायचंय म्हणून विचारतो.”

होकार माझ्या जिभेच्या टोकावर होता. एक अक्षर. तेही चांगलं, आनंदाचं.

“तिलाच विचारा,” मी म्हणालो आणि फोन घेऊन ताईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून कटिंगच्या लोखंडी मोज्याच्या जाळीत अडकलेले धागे सुईने काढत होती. मी फोन पुढे केला. तिने सुई उशीला टोचली आणि फोन कानाला लावला.

फोनवर मान दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. तिथे नुसती शांतता जाते. म्हणून ताई जन्मात फोनवर महत्त्वाचं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. ती थांबली. मालकांचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. “हॅलो? हॅलो? ताई? लाइन गेली वाटतं.”

मी चौकट धरली.

“लाइन चालू आहे,” ताई म्हणाली. “थांबा.”

मालक थांबले. घरात माझी बायकोही हातातलं टाकून उभी राहिली होती.

“काम मी घेते,” ताई म्हणाली. सुरुवातीच्याच अक्षराला अडली, बरीच अडली, पण शब्द बदलला नाही. “उद्यापासून. आणि माझ्या कागदावर भावाचा नंबर आहे, तो खोडा. माझा लिहा.”

मग तिने नंबर सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा. त्यात दोनदा तीन येतो. पहिल्या तीनला इतका वेळ गेला की बायकोने माझा दंड घट्ट पकडला, पण तिला पकडायची गरज नव्हती, मी जागचा हललो नाही. दुसरा तीनही आला. दहावा आकडा झाला.

“लिहिलात?” ताईने विचारलं. “वाचून दाखवा.”

मालकांनी वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. ताईने तो दुरुस्त करून घेतला आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.